व्हर्लपूल दीर्घिकेतली तारानिर्मिती: नकाशे वाचताना या चुका टाळा

एम51, म्हणजेच व्हर्लपूल दीर्घिका. हिचे फोटो, रेडिओ नकाशे, अवरक्त चित्रं सगळं नेटवर फुकट मिळतं. गडबड होते ती हे सगळं एकमेकांवर ठेवून अर्थ लावायला बसलं की.

पहिली चूक डोळ्यांची. दीर्घिकेच्या सर्पिल भुजांच्या आतल्या कडेने जाणारे काळे पट्टे म्हणजे रिकामी जागा नव्हे; धूळ आणि रेण्वीय (रेणूंच्या रूपातला) वायू तिथेच दाटलेला असतो, जेमतेम 10-20 केल्विन (साधारण उणे 260 ते उणे 250 अंश सेल्सिअस) तापमानाला.

दुसरी चूक: 21 सेंटीमीटर तरंगलांबीचा रेडिओ नकाशा उघडून 'मध्यभागी वायू कमीच दिसतोय' म्हणणं. हा संकेत, जो आपल्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीलाही टिपता येतो, सुट्या हायड्रोजन अणूंचा असतो. एम51च्या आतल्या भागात बहुतेक वायू रेणूंच्या रूपात आहे, आणि इतक्या थंडीत हायड्रोजनचा रेणू जवळपास मुकाच असतो, म्हणजे टिपता येईल असा संकेत देत नाही. म्हणून कार्बन मोनॉक्साईडची 2.6 मिलिमीटरची रेषा बघायची. मात्र तिच्या तेजावरून वस्तुमान काढताना आकाशगंगेचा गुणक (या तेजाला ज्याने गुणून वायूचं वस्तुमान काढतात तो आकडा) डोळे झाकून वापरू नका. जड मूलद्रव्यं कमी असलेल्या छोट्या दीर्घिकांत अतिनील किरणं कार्बन मोनॉक्साईड फोडतात, हायड्रोजनचे रेणू मात्र टिकतात. मग त्या गुणकाने वायू आहे त्यापेक्षा बराच कमी भरतो.

सगळ्यात जास्त डोकेदुखी पुढची. कार्बन मोनॉक्साईडचे ठळक ठिपके आणि एच-अल्फाचे (तरुण, मोठ्या ताऱ्यांभोवतीच्या तापलेल्या हायड्रोजनच्या लाल प्रकाशाचे) ठिपके जुळत नाहीत. आधी दोन्ही चित्रांचे आकाशातले निर्देशांक तपासा, मग जास्त बारीक नकाशा दुसऱ्याइतका धूसर करा. तरीही जुळलं नाही, तर चूक तुमची नाही. एम51मध्ये 1 आर्कसेकंद (अंशाचा 3600वा भाग) म्हणजे साधारण 40 पार्सेक (1 पार्सेक म्हणजे सुमारे 3.26 प्रकाशवर्षं), जवळपास वायूच्या एका मोठ्या मेघाएवढं अंतर. तरुण मेघात अजून मोठे तारे पेटलेले नसतात, आणि पेटले की त्यांचा प्रकाश, वारे, पुढे स्फोट मेघालाच उधळून लावतात. दोन्ही नकाशे सुमारे 25 आर्कसेकंदांपर्यंत, म्हणजे 1 किलोपार्सेकवर, धूसर केले की वायू आणि तारानिर्मिती यांचा संबंध दिसू लागतो. धुळीने गिळलेला एच-अल्फा 24 मायक्रॉनच्या अवरक्त तेजावरून भरून काढायला विसरू नका. नाहीतर नेमके सर्वात तरुण समूहच हिशेबातून निसटतात.

आणि वायूच्या वस्तुमानाला मुक्तपतनाच्या काळाने (मेघाला स्वतःच्या गुरुत्वाने कोसळायला लागणाऱ्या वेळाने) भागून तारानिर्मितीचा वेग काढू नका. आपल्या आकाशगंगेत या हिशेबाने वर्षाला शंभराहून जास्त सूर्यांएवढं वस्तुमान ताऱ्यांत जायला हवं. प्रत्यक्षात जातं जेमतेम 2 सूर्यांएवढं.