उसाच्या ट्रॉलीची दांडी किती टिकेल? फटीग चाचणी लवकर उरकताना

चिकोडी, अथणी, निपाणीकडे हंगामात भरलेल्या ट्रॉल्या रात्रंदिवस धावतात. ट्रॅक्टरला जोडणारी दांडी बहुधा एका जड खेपेने मोडत नाही. प्रत्येक खड्ड्याला वेल्डच्या कडेची चीर थोडी थोडी वाढत जाते; हाच फटीग.

आधी रस्त्यावर मोजा. दांडीची पट्टी ८ मिमी जाडीची असेल तर वेल्डच्या कडेपासून ३.२ आणि ८ मिमीवर स्ट्रेन गेज (ताण मोजणाऱ्या बारीक पट्ट्या) चिकटवा. ट्रॉली भरलेली आणि रिकामी, डांबरावर आणि पाणंदीत चालवा. सेकंदाला किमान ५०० नोंदी घ्या. जवळच्या गेजच्या ताणाची १.६७ पट घेऊन त्यातून लांबच्या ताणाची ०.६७ पट वजा केली की कडेवरचा ताण मिळतो. नोंदींची आवर्तनं (ताणाचे चढउतार) रेनफ्लो पद्धतीने, म्हणजे चढउतारांच्या जोड्या लावून, मोजा.

भार पेलणाऱ्या फिलेट वेल्डला (कोपऱ्यात भरलेल्या वेल्डला) या ताणासाठी २० लाख आवर्तनांना ९० मेगापास्कलची रेघ धरतात. आयुष्य ताणाच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात घटतं. म्हणजे ताणाचा पल्ला (कमाल आणि किमान ताणातला फरक) १२० असेल तर सुमारे ८.४ लाख आवर्तनं, १८० असेल तर २.५ लाख. चाचणी यंत्रात नमुन्याला दीडपट ताण दिला की ५ हर्ट्झवर (सेकंदाला ५ आवर्तनं) ४७ तासांचं काम १४ तासांत होतं.

ताण आणखी वाढवण्याचा मोह आवरायचा तो इथेच. २५० मेगापास्कल यील्डच्या (त्यापुढे पोलाद कायमचं ताणलं जातं) पोलादात १८० चा पल्ला देताना किमान ताण कमाल ताणाच्या एक दशांश ठेवला, तर कमाल २०० वर राहतो. यील्ड ओलांडला की वेल्डिंगमुळे कडेत उरलेला ताण ढिला पडतो. मग नमुना उगाच जास्त टिकतो आणि दांडी भक्कम असल्याचा खोटा भरवसा मिळतो. हीच चूक सर्वांत महागात पडते.

नमुने नेहमीच्याच वेल्डरकडून, नेहमीच्याच रॉडने करून घ्या; खास गुळगुळीत केलेले नकोत. एकसारखे नमुनेसुद्धा तीन-चार पट कमीजास्त टिकतात, म्हणून प्रत्येक पातळीला किमान सहा घ्या आणि सरासरी आयुष्यांच्या लॉग (लॉगरिदम) मूल्यांवर काढा. रस्त्यावरच्या प्रत्येक पल्ल्याची आवर्तनं त्या पल्ल्याच्या आयुष्याने भागून बेरीज करा. बेरीज १ होण्याची वाट न पाहता ०.५ लाच आयुष्य संपलं असं धरा.

पावसाळाभर उघड्यावर राहिलेल्या दांडीला हा हिशेब लावू नका. गंजाला वेळ लागतो, तो हर्ट्झ वाढवून आणता येत नाही. आणि नमुना फिक्श्चरच्या (नमुना पकडणाऱ्या चौकटीच्या) बोल्टच्या भोकाशी तुटला, तर तो आकडा सोडून द्या.