संग्रहालय कसे वाचावे : भायखळ्याच्या हत्तीपासून घरच्या डब्यापर्यंत

संग्रहालय पाहून बाहेर पडलेल्या माणसाला काय पाहिले असे विचारले, तर तो वस्तूंची यादी सांगतो : तलवारी, मूर्ती, जुनी नाणी, एखादा भुसा भरलेला वाघ. त्या वस्तू तिथे कोणी आणल्या, कोणाला दाखवण्यासाठी आणल्या, आणि ज्या हेतूने आणल्या तो हेतू आजही तोच आहे का, हे मात्र त्याला सहसा सांगता येत नाही. अशी माहिती पाटीवर क्वचितच लिहिलेली असते, त्यामुळे दोष पाहणाऱ्याचा नाही. पण थोडी पद्धत पाळली, तर ती माहिती इमारतीतून, कपाटांतून आणि पाट्यांच्या भाषेतून काढता येते. विद्यार्थ्यांचे छोटे गट घेऊन संग्रहालयांत जाताना मी जी पद्धत वापरत आलो आहे, ती येथे मुंबई आणि पुण्यातील उदाहरणे घेऊन मांडत आहे.

तयारी फार करावी लागत नाही. एक वही घ्यावी आणि तिच्या पहिल्या पानावर तीन प्रश्न लिहावेत : ही वस्तू कोणी गोळा केली, कशासाठी गोळा केली, आणि येथे ती कोणासाठी मांडली आहे? सर्व काही पाहण्याचा हट्ट सोडून दहाच वस्तू निवडाव्यात, कारण दोन तासांनंतर पाय दुखू लागले की डोळेही काम करेनासे होतात. डागडुजीसाठी दालने बंद असण्याचे प्रसंग वारंवार येतात, म्हणून निघण्यापूर्वी चौकशी करावी. एकदा चाळीस मुले घेऊन एका सरकारी संग्रहालयाच्या बंद दरवाज्यासमोर मी तासभर उभा राहिलेलो आहे.

सुरुवात नावापासून करावी. १८६३ साली स्थापन झालेल्या नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयाला लोक आजही ‘अजब बंगला’ म्हणतात, तर १८१४ साली एशियाटिक सोसायटीने कोलकात्यात सुरू केलेल्या संग्रहालयाला बंगाली माणूस ‘जादूघर’ म्हणतो. स्थापन करणाऱ्यांना खनिजे, प्राणी, शिलालेख आणि हस्तव्यवसाय यांची नोंद व वर्गवारी करायची होती, तर पाहायला येणाऱ्यांना आश्चर्य करायचे होते. संग्रहालय चालवणाऱ्याचा हेतू आणि पाहणाऱ्याचा हेतू असे पहिल्या दिवसापासून वेगळे होते. ही फट लक्षात ठेवावी, कारण पुढे जे बदल दिसतील त्यांतले बरेचसे ती बुजवण्याच्या खटपटीतून आलेले आहेत.

पहिला अर्धा दिवस भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाला द्यावा. आत जाण्याची घाई न करता आधी इमारतीशेजारच्या आवारात असलेल्या दगडी हत्तीपाशी थांबावे. ज्या हत्तीमुळे पोर्तुगीजांनी घारापुरीला एलेफंटा हे नाव दिले, तोच हा हत्ती. १८६४ साली तो इंग्लंडला नेण्यासाठी उचलताना कोसळून फुटला, त्याचे तुकडे मुंबईतच राहिले, आणि १९१४ च्या सुमारास ते जोडून त्याला पुन्हा उभे करण्यात आले. त्याच्या अंगावरचे सांधे शोधावेत आणि वहीत पहिले उत्तर लिहावे : राज्यकर्त्याला जे मोलाचे वाटले ते त्याने मायदेशी नेण्याचा प्रयत्न केला, आणि जे नेता आले नाही ते येथे ठेवले गेले.

आत गेल्यावर भोवतालची कपाटे पाहताना हे संग्रहालय बाजारासाठी जन्मले, हे ध्यानात ठेवावे. १८५१ च्या लंडनच्या आणि १८५५ च्या पॅरिसच्या भव्य प्रदर्शनांनी साम्राज्यातील कच्चा माल आणि कारागिरी यांचे नमुने मांडण्याची टूम आणली, आणि मुंबईतील हा संग्रह त्याच लाटेतून उभा राहिला. आधी तो कोटातल्या बराकीत होता, परंतु १८५७ साली बराकी सैन्याला लागल्या म्हणून तो घाईघाईने हलवावा लागला. जॉर्ज बर्डवुड, डॉ. भाऊ दाजी, जगन्नाथ शंकरशेट अशा मंडळींच्या खटपटीतून १८६२ साली सध्याच्या इमारतीची कोनशिला बसली आणि १८७२ साली ती ‘व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम’ या नावाने लोकांसाठी उघडली. येथील धातुकाम, लाखकाम, हस्तिदंती काम किंवा जे. जे. कलाशाळेत तयार झालेली मातीची भांडी यांच्यासमोर उभे राहताना ‘हे किती सुंदर आहे’ याऐवजी ‘याची मागणी कोणाकडून यावी अशी अपेक्षा होती’ असे विचारावे. मग एकाच वस्तूचे इतके प्रकार ओळीने का मांडले आहेत, हे कळू लागते. ती मांडणी व्यापाऱ्याच्या नमुना-पेटीची आहे.

वरच्या मजल्यावर मातीच्या लहान बाहुल्या आहेत : निरनिराळ्या जातींचे, धर्मांचे आणि धंद्यांचे लोक, प्रत्येकाची पगडी, नेसण आणि हत्यार यांसह. हा भाग मी सर्वांत जास्त वेळ पाहायला लावतो. एक बाहुली निवडून वहीच्या एका बाजूला ती जे सांगते ते सर्व लिहावे : धोतराचा काठ, हाताची पकड, बसण्याची ढब, समोरची अवजारे. दुसऱ्या बाजूला ती जे सांगत नाही ते लिहावे : या माणसाचे नाव, गाव, दिवसाची मजुरी, घरात खाणारी तोंडे. दुसरी बाजू नेहमी अधिक भरते. बाहुली घडवणाऱ्याचे कसब अस्सल आहे, यात शंका नाही. पण घडवून घेणाऱ्याला माणूस नको होता, नमुना हवा होता. एकदा एका मुलीने बाहुलीकडे पाहून, ‘सर, आमचे आजोबा असेच बसायचे, पण त्यांना कोणी असे कपाटात ठेवले असते तर ते उठून गेले असते,’ असे म्हटले होते. त्यात मला भर घालण्यासारखे काही सुचले नाही.

याच इमारतीत नंतरचे थरही शोधावेत. १९७५ साली तिला राणीच्या नावाऐवजी डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव मिळाले. गोव्यातील मांद्रे येथे जन्मलेले हे गृहस्थ मुंबईत डॉक्टर झाले, शिलालेख वाचू लागले आणि या संग्रहालयासाठी झटले. म्हणजे इमारत, कपाटे व वस्तू तशाच राहिल्या आणि मालकीची भावना तेवढी बदलली. त्यानंतर महापालिका, वारसा जतन करणारी ‘इंटॅक’ ही संस्था आणि जमनालाल बजाज प्रतिष्ठान यांनी मिळून जीर्णोद्धार केला आणि २००८ साली संग्रहालय पुन्हा उघडले. तेव्हापासून आजच्या कलावंतांना बोलावून जुन्या संग्रहाला उत्तर देणाऱ्या कलाकृती तिथेच मांडण्याचा प्रघात पडला. जुन्या काचेच्या कपाटांशेजारी नवी मांडणी पाहून सुरुवातीला माझा रसभंग झाला होता. आता मात्र मला ती उपयोगाची वाटते, कारण कपाट म्हणजे कोणीतरी कधीतरी घेतलेला निर्णय आहे, हे तिच्यामुळे चटकन दिसते.

दुसरा अर्धा दिवस फोर्टमधील छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाला द्यावा. त्याचे मूळ नाव ‘प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम ऑफ वेस्टर्न इंडिया’. त्यातील युवराजावर चर्चा खूप होते. माझ्या मते अधिक बोलका शब्द ‘वेस्टर्न इंडिया’ हा आहे. शिल्पदालनात मीरपूर खास येथील स्तूपातून आलेली मातीची बौद्ध शिल्पे शोधावीत. ते गाव आज पाकिस्तानच्या सिंध प्रांतात आहे, मग शिल्पे मुंबईत कशी? सिंध १९३६ पर्यंत मुंबई इलाख्यात होता, आणि इलाख्यात सापडलेली वस्तू इलाख्याच्या राजधानीकडे आली. येथे एक सोपा उद्योग करावा : पुरातत्त्वाच्या दहा पाट्यांवरील गावांची नावे उतरवून घ्यावीत आणि घरी आल्यावर नकाशावर ठिपके द्यावेत. आजच्या कोणत्याही राज्याच्या सीमेत न बसणारा, पुसून गेलेला एक प्रशासकीय नकाशा हळूहळू उमटतो.

याची कोनशिला १९०५ साली बसली, जॉर्ज विटेट यांच्या आराखड्याची इमारत १९१४ च्या सुमारास पुरी झाली, पण महायुद्ध आल्यामुळे तिचा पहिला उपयोग लष्करी रुग्णालय म्हणून झाला आणि संग्रहालय १९२२ साली उघडले. टाटा बंधूंच्या संग्रहातील युरोपीय चित्रे आणि चिनी-जपानी भांडी पाहताना पहिला प्रश्न पुन्हा विचारावा. ती राज्यकर्त्याने जमवलेली नाहीत. मुंबईच्या धनिक, जगभर हिंडलेल्या कुटुंबाने आपल्या आवडीने जमवून शहराला दिलेली आहेत. याच संस्थेने २०१५ साली फिरत्या बसमधून शाळांकडे जाण्यास सुरुवात केली आणि २०१९ साली मुलांसाठी स्वतंत्र संग्रहालय उघडले. लोकांनी आपल्याकडे यावे अशी वाट पाहणारी संस्था लोकांच्या दाराशी जाऊ लागली, हा बदल नामांतराहून मोठा आहे, असे माझे मत आहे.

पाटी वाचण्याची सवय वेगळी लावून घ्यावी. पाटीत क्रियापद कोणते आहे, ते पाहावे. ‘सापडली’, ‘मिळाली’, ‘भेट दिली’, ‘विकत घेतली’ आणि ‘मानले जाते’ यांत जमीन-अस्मानाचे अंतर असते. २०२४ साली लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात प्रदर्शनासाठी पाठवलेली वाघनखे हे त्याचे ठळक उदाहरण आहे. ती साताऱ्याला ब्रिटिशांचा प्रतिनिधी असलेल्या जेम्स ग्रँट डफ याच्याकडून त्याच्या घराण्यामार्फत लंडनला पोहोचली, असे संग्रहालयाची नोंद सांगते. अफजलखानाच्या वधाच्या वेळी वापरलेली ती हीच, याची खातरजमा करता येत नाही, असेही तेच संग्रहालय सांगते. ती पाहायला लोटलेली गर्दी मात्र धातूच्या वयाचा हिशेब करायला आलेली नव्हती. पुरावा तपासणे आणि स्मृतीला जागा देणे ही दोन कामे आज एकाच काचेखाली चालतात. पाहणाऱ्याने वहीत दोन्ही नोंदवावीत आणि एकाला दुसऱ्याचे नाव देऊ नये.

पुण्यात राजा दिनकर केळकर संग्रहालयात गेल्यावर प्रश्न तेच राहतात, उत्तरे मात्र पालटतात. ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणाऱ्या दिनकर गंगाधर केळकरांनी १९२० च्या आसपास गोळा करायला घेतलेला हा संग्रह त्यांच्या अकाली गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने उभा आहे, आणि पुढे त्यांनी तो महाराष्ट्र शासनाला दिला. येथे अडकित्ते, दिवे, दौती, वज्री, फण्या, कुलपे आहेत. भायखळ्याला वस्तू विकण्याजोगी होती म्हणून आली, फोर्टला ती प्राचीन किंवा मौल्यवान होती म्हणून आली. येथे ती कोणाच्या तरी हाताने झिजली म्हणून आली आहे. एखाद्या अडकित्त्यासमोर खाली वाकून त्याच्या मुठीची आतली बाजू पाहावी. बाहेर मोर किंवा जोडपे कोरलेले असते, पण बोटे जिथे टेकतात तिथे नक्षी गुळगुळीत झालेली असते. ती झीज ही माझ्या लेखी दालनातील सर्वांत खरी पाटी आहे. धाराशिव जिल्ह्यातील तेर येथील रामलिंगप्पा लामतुरे यांनीही असेच गावात उगवणारे प्राचीन अवशेष उचलून जपले, म्हणून तेरला आज संग्रहालय आहे.

एवढे पाहून झाल्यावर कोण दिसले नाही, याची यादी करावी. ज्यांच्या वस्तू टिकण्याजोग्या नव्हत्या, किंवा ज्यांच्या वस्तू कोणी मागायला आले नाही, त्यांचे काय? भोपाळमध्ये २०१४ साली उघडलेल्या ‘रिमेंबर भोपाळ’ संग्रहालयात वायुदुर्घटनेतून वाचलेल्यांनी दिलेल्या साध्या वस्तू आणि त्यांच्याच आवाजातील निवेदने आहेत. तिथे वस्तूपेक्षा सांगणारा मोठा आहे. आंतरराष्ट्रीय संग्रहालय परिषदेने १९७४ च्या व्याख्येत समाज आणि त्याच्या विकासाची सेवा हा हेतू घातला होता. २०२२ साली प्राग येथे स्वीकारलेल्या व्याख्येत सर्वसमावेशकता आणि समुदायांचा सहभाग हे शब्द आले. व्याख्या पाठ करण्याची गरज नाही. त्याऐवजी दालनात पाच मिनिटे स्वस्थ बसून पाहावे : बसायला बाक आहे का, पाटी मराठीत आहे का आणि ती मुलाच्या उंचीला वाचता येते का, चाकाच्या खुर्चीवरील माणूस वर कसा जाईल, पहारेकरी मुलांना काही समजावतो की फक्त दटावतो. समाजाची सेवा या शब्दांचा अर्थ तिथे मोजता येतो.

शेवटचे काम घरी करायचे असते. माळ्यावरचे एखादे जुने पितळी भांडे काढावे. आपल्याकडे लग्नातल्या भांड्यांवर नाव घालण्याची चाल असल्यामुळे संग्रहालयाच्या नोंदवहीचे निम्मे काम तांबटाने आणि नाव घालणाऱ्याने आधीच केलेले असते : कोणाकडून, कोणास, कधी. आता एका कार्डावर उरलेले निम्मे लिहावे, म्हणजे ते कोणाच्या हाताखाली होते, त्यात काय ठेवले जाई, ते वापरातून कधी गेले आणि का गेले. माझ्या घरच्या डब्यावर ‘चि. सौ. कां.’ एवढेच वाचता येते. पुढचे नाव चिंच-राखेच्या घासण्याने पुसट झाले आहे. कार्डावर मी ते तसेच, अर्धे लिहिले आहे, आणि त्याखाली ‘घासणारी तीच’ असे नोंदवले आहे.