उंबर फोडून केंबरं काढताना

बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी मी उंबर म्हणून जी हर्बेरियम शीट (वाळवलेली फांदी चिकटवलेला कागद) जमा केली, ती उंबराची नव्हतीच. ओढ्याकाठचं झाड, खोडालाच लगडलेले फळांचे घोस, फांदी मोडली की चीक. आणखी काय बघायचं? सरांनी शीट उलटसुलट केली, पानं समोरासमोर आहेत हे दाखवलं आणि पानावरून बोट फिरवायला सांगितलं. खरखरीत लागलं. तो होता बोखाडा, शास्त्रीय नाव फायकस हिस्पिडा. उंबराची पानं एकाआड एक येतात आणि हाताला गुळगुळीत लागतात. बोखाड्याला काळा उंबरही म्हणतात, तेव्हा चूक एकट्या माझी नव्हती, असं मी मनाला समजावलं.

वनस्पतींचं वर्गीकरण शिकायला येणाऱ्यांना म्हणूनच मी आधी एकच झाड धरायला सांगतो. शंभर नावं पाठ करून येणारी मुलं पहिल्याच पावसाळ्यात गळपटतात. घराजवळचा एक उंबर घ्या. दहापट दिसणारं भिंग, ब्लेड, वही आणि पेन्सिल पुरे. पान उलगडल्यावर टोकाच्या कळीभोवतीचं उपपर्ण (पानाच्या तळाशी येणारं छोटं आवरण) गळून पेराभोवती जी कडी राहते, ती बघा. वड, पिंपळ, नांद्रुक, सगळ्यांना ही कडी असते. चीक आणि कडी दिसली की कुळ जवळपास हाती आलं, फणस त्याच कुळातला. फायकस या एका प्रजातीत (म्हणजे जीनसमध्ये) जगभर साडेसातशेहून जास्त जाती आहेत. त्यातली आपली कुठली, ते पुढचं काम.

नावांचा घोळ मलाही छळायचा. जुन्या फ्लोरांमध्ये, म्हणजे एखाद्या प्रदेशातल्या वनस्पतींच्या ग्रंथांमध्ये, उंबर फायकस ग्लोमेराटा, नव्या यादीत फायकस रेसिमोसा. मला वाटायचं, ही माणसं मुद्दाम नावं बदलतात. कारण साधं आहे: वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसनं १७५३ मध्ये रेसिमोसा हे नाव दिलं, रॉक्सबर्ग या दुसऱ्या वनस्पतिशास्त्रज्ञानं ग्लोमेराटा नंतर दिलं, आणि दोन्ही झाडं एकच ठरल्यावर आधीचं नाव चालतं. फेकलेलं नावही वहीत लिहून ठेवा, कारण जुन्या नोंदी त्याच नावाखाली सापडतात.

आता ब्लेड. ‘उंबर फोडून केंबरं काढू नयेत’ असं आजी म्हणायची. केंबरं म्हणजे आतले बारीक किडे, आणि अर्थ असा की नको त्या खोलात शिरू नये. आमचा अभ्यास नेमका तिथून सुरू होतो. आपण ज्याला फळ म्हणतो ती आतून फुलांनी अस्तर लावलेली पिशवी असते; उंबराचं फूल कुणाला दिसत नाही ते यामुळे. तोंडाशी खवल्यांनी बंद केलेलं बारीक छिद्र. तिळाएवढी एक गांधीलमाशी, सेराटोसोलेन फ्युसिसेप्स, परागकण घेऊन त्यातून आत घुसते. घुसताना पंख तुटतात. ती काही फुलांवर पराग टाकते, काहींत अंडी घालते आणि आतच मरते. पुढच्या पिढीत बिनपंखी नर आधी बाहेर पडतात, माद्यांशी मीलन करतात, भिंत पोखरून वाट काढतात. माद्या पराग घेऊन त्या वाटेनं दुसरा उंबर गाठायला निघतात. त्यांच्याकडे वेळ असतो जेमतेम एक-दोन दिवसांचा.

पाठ्यपुस्तकात याला ‘सहोपकारिता’ म्हणतात, दोघांचाही फायदा म्हणून पुढे दोन अधिकचिन्हं असतात. परीक्षेपुरतं ठीक आहे. पण झाडाखाली तासभर बसलात तर कळतं की त्या दोघांत इतरांचीही गर्दी आहे. काही गांधीलमाश्या आत शिरतच नाहीत, बाहेरूनच लांब सुईसारखं अंडनलिकेचं टोक भिंतीत खुपसतात. त्यातल्या एकीच्या सुईच्या टोकाला जस्त असतं, हे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी २०१४ मध्ये दाखवलं. फळावर बसून सुई खुपसायला वेळ लागतो, तेवढ्यात ओंबील मुंग्या तिला गाठतात. परागण करणारी मात्र पटकन आत सटकते. मुंग्यांना झाडाची काही पडलेली नाही, त्या शिकारीला आलेल्या असतात. आता या मुंग्यांपुढे अधिक लिहायचं की उणे, तुम्हीच ठरवा.

आणि बोखाडा? त्याची नर-मादी झाडं वेगळी. मादी झाडाच्या फळात शिरलेली गांधीलमाशी परागण करते, पण तिथल्या फुलांची मान लांब, अंडी घालता येतच नाहीत. ती फसून मरते, बिया मात्र धरतात. म्हणजे माझ्या शीटवरचा चुकीचा शेरा फक्त पानांपुरता नव्हता. नाव चुकलं की नात्याची अख्खी गोष्टच चुकली असती.

नमुना गोळा करताना फळ उभं चिरून दोन्ही अर्धे दाबा, आतले किडे सत्तर टक्के अल्कोहोलच्या कुपीत टाका, आणि दोन्हींवर एकच नोंदक्रमांक घाला. शीट वनस्पती विभागात आणि कुपी प्राणी विभागात गेली की त्यांची पुन्हा गाठ पडत नाही. कोकणातल्या पावसात दाबपेटीतले कागद रोज बदला. मी तीन दिवस आळस केला होता, सगळ्या शीटवर बुरशी.

नोकरीचं विचाराल तर कायम जागा थोड्या, प्रकल्पांवरच्या जास्त. पर्यावरण परिणाम अहवालांसाठी सर्वेक्षणं निघतात, ग्रामपंचायतींच्या लोकजैवविविधता नोंदवह्यांचं काम असतं. पगार हंगामी, चपला मात्र बारमाही झिजतात. पुण्यात गेलात तर भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पश्चिम केंद्राचं हर्बेरियम परवानगी काढून बघाच.

तोवर हा प्रयोग करा. लाल होऊ लागलेली दोन-तीन उंबरं संध्याकाळी काचेच्या बरणीत ठेवून तोंडाला मलमल बांधा. मी ती बरणी स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवली होती. सकाळी काच काळ्या ठिपक्यांनी भरली होती आणि आई दारातूनच ओरडत होती, “आधी ती केंबरं घराबाहेर काढ!”