बेस गिटार ऑनलाइन शिकताय? या चुका कानाआड करू नका

तीन वर्षांपूर्वी, चाळिशी ओलांडल्यावर, मी बेस गिटार घेतली. घर कोथरूडला, नोकरी हिंजवडीला, त्यामुळे संध्याकाळी सातचा क्लास गाठणं शक्यच नव्हतं. म्हणून ऑनलाइन कोर्स निवडला आणि रात्री जेवणं आटोपल्यावर हेडफोन लावून शिकायला लागले.

कोर्स चांगला होता. चुका झाल्या त्या माझ्याकडून, आणि बहुतेक एकाच कारणाने झाल्या. माझं वाजवणं ऐकणारं समोर कुणी नव्हतं. तबल्याच्या क्लासात बोट चुकीचं पडलं की सर तिथेच थांबवतात. व्हिडिओतले सर सांगतात, दाखवतात, तोच धडा शंभर वेळा न कंटाळता दाखवतात, पण तुमचं ऐकत नाहीत. ते काम तुमच्या कानांना करावं लागतं, आणि सुरुवातीला ते कान तयार नसतात. खालच्या सगळ्या चुकांमागे हेच आहे.

मोबाइलच्या स्पीकरवर बेस ऐकणं

बेसच्या चार तारा, ई, ए, डी आणि जी. सर्वात जाड ई तार मोकळी वाजवली की तिचा मूळ सूर सुमारे ४१ हर्ट्झचा असतो, सर्वात बारीक जी तारेचा ९८ हर्ट्झचा. मोबाइलचा स्पीकर इतक्या खाली पोचत नाही, लॅपटॉपचाही बहुधा नाही. तरी आपल्याला सूर कळल्यासारखा वाटतो, कारण त्या सुरासोबत उमटणाऱ्या वरच्या बारीक स्वरांशांवरून मेंदू खालचा सूर जुळवून घेतो. नोट कुठली हे त्यावरून कळतं. पण ती किती वेळ टिकली, कधी संपली आणि तिच्यामागे दुसरी तार घुमत राहिली का, हे कळत नाही. आणि बेसमध्ये खरं शिकायचं तेच असतं.

तारेचे, कान झाकणारे हेडफोन घ्या. फार महाग नकोत. ब्लूटूथचे मात्र सरावाला वापरू नका. त्यात आवाज साधारण १०० ते २०० मिलिसेकंद उशिरा पोचतो. मेट्रोनोम, म्हणजे ठरलेल्या वेगाने टिकटिक करणारं यंत्र किंवा ॲप, मिनिटाला १०० ठोक्यांवर असेल तर एक मात्रा ६०० मिलिसेकंदांची, म्हणजे १५० मिलिसेकंदांचा उशीर हा मात्रेचा चक्क पाव भाग झाला. सुरुवातीचे दोन महिने आपल्याला लय नाहीच अशी खंत मी बाळगून होते. हेडफोन बदलले आणि निम्मी खंत त्याच रात्री गेली.

अँपवर (अँप्लिफायरवर) वाजवत असाल तर खोलीही फसवते. ४१ हर्ट्झच्या लाटेची लांबी आठ मीटरच्या वर जाते. दहा बाय बाराच्या खोलीत कोपऱ्यात उभं राहिलं तर हा सूर अंगावर येतो, मध्यभागी आलं की गायब होतो. आवाज पातळ वाटला म्हणून लगेच नॉब फिरवू नका, आधी दोन पावलं सरकून बघा. आणि अँप थेट फरशीवर ठेवू नका. खालचे सूर स्लॅबमधून खालच्या घरात जातात.

सूर लागतो, पण थांबत नाही

हे मला कोर्सने सांगितलं होतं. कळलं मात्र खालच्या मजल्यावरच्या काकांमुळे. ते आयुष्यभर तबला शिकवत आले आहेत. एका रविवारी ते वर आले तेव्हा मी आधीच माफी मागून मोकळी झाले.

"अगं, आवाजाचं काही नाही," ते म्हणाले. "तुझा सूर येतो वेळेवर. पण जातो कधी, ते कळत नाही."

"म्हणजे काय काका?"

"डग्ग्यावर 'गे' खुला असतो आणि 'क' बंद. खुला कधी सोडायचा आणि बंद कधी करायचा हे ठरलेलं असतं. तुझं सगळंच खुलं आहे."

मी त्या रात्री स्वतःचं रेकॉर्डिंग ऐकलं. ते बरोबर बोलत होते. प्रत्येक नोट पुढच्या नोटेच्या अंगावर सांडत होती आणि न वाजवलेल्या तारा मागे घुमत होत्या. साध्या गिटारवर असं थोडं घुमणं खपून जातं. बेसवर त्याचा चिखल होतो, कारण खालचे दोन सूर जवळजवळ आले की ते वेगळे ऐकूच येत नाहीत.

उपाय दोन्ही हातांत आहे. उजव्या हाताचा अंगठा पिकअपवर, म्हणजे तारांचं कंपन पकडणाऱ्या त्यांच्याखालच्या भागावर, खिळवून ठेवू नका. ए तार वाजवताना तो ई तारेवर टेकवा, डी वाजवताना सरकवून ई आणि ए दोन्ही झाकतील असा ठेवा. जाड तारा तो गप्प करतो, बारीक तारा डाव्या हाताची मोकळी बोटं हलकेच टेकवून गप्प करायच्या. दाबलेली नोट थांबवायची असेल तर बोट उचलू नका, फक्त दाब सोडा. बोट तारेवर राहू द्या आणि शेजारचं बोटही टेकवा. एकच बोट टेकलं तर काही ठिकाणी बारीक शिट्टीसारखा हार्मोनिक निघतो. मोकळी तार थांबवायला उजव्या हाताचं पुढची नोट वाजवणारं बोट आधीच तारेवर ठेवायची सवय लावा.

तपासायची पद्धत सोपी आहे. मेट्रोनोम ६० वर ठेवा. एक मात्रा नोट, एक मात्रा पूर्ण शांतता, असं दोन मिनिटं वाजवून रेकॉर्ड करा. मग फक्त रिकाम्या मात्रा ऐका. तिथे काहीही ऐकू आलं, तारेची कुरकुर, गुंजन, बोटाची टिचकी, तर पुढच्या धड्याला हात लावू नका. मला यात सहा आठवडे गेले. कोर्समध्ये हा धडा अकरा मिनिटांचा होता.

सरांच्या बेसच्या आड लपणं

व्हिडिओबरोबर वाजवताना सगळं छान बसतंय असं वाटतं, कारण ऐकू येत असतो तो सरांचा बेस. आपली नोट थोडी मागे पडली तरी त्यांची तिला झाकून टाकते. बऱ्याच कोर्समध्ये बेस काढून टाकलेला ट्रॅकही देतात, फक्त ड्रम्स आणि बाकीची वाद्यं असलेला. तिसऱ्या फेरीपासून तोच लावा. तसा ट्रॅक नसेल तर व्हिडिओ बंद करून मेट्रोनोम घ्या.

व्हिडिओचा वेग ०.७५ करणं बोटं कुठे पडतात हे बघायला उपयोगी आहे, ऐकायला नाही. वेग कमी केला की खालचे सूर धूसर, फुगल्यासारखे येतात आणि नोटेचा शेवट पुसला जातो. बघून झालं की मूळ वेगात ऐका आणि स्वतः मेट्रोनोमवर सावकाश वाजवा.

टॅबबद्दलही, म्हणजे आकड्यांत लिहिलेल्या वाजवण्याच्या ओळींबद्दलही, सावध राहा. साध्या टॅबमध्ये कुठल्या तारेवर कितवा फ्रेट (बेसच्या मानेवरची धातूची आडवी पट्टी) एवढंच असतं. नोट किती वेळ धरायची ते नसतं. आपल्याकडे यावर पढंतीचं उत्तम औषध आहे. बेसची ओळ हातात घेण्याआधी टाळी देत तोंडाने म्हणा, लांब नोटेला लांब अक्षर, तुटक नोटेला तुटक, रिकाम्या जागेला टाळी पण तोंड बंद. तोंडाने येत नाही ती ओळ बोटांत येणार नाही, निदान माझ्या तरी आली नाही. केरव्याच्या आठ मात्रा ज्यांच्या अंगात आहेत त्यांना चार-चारचे बार मोजणं अजिबात परकं वाटत नाही. भाद्रपदाआधी नदीपात्रात ढोल-ताशा पथकांचे सराव चालतात तेव्हा जाऊन उभे राहा. ताशा भरभर धावतो आणि ढोल त्याच्या खाली थोडक्याच ठोक्यांत सगळ्यांना धरून ठेवतो. बँडमध्ये बेस आणि ड्रमचा किक, म्हणजे पायाने वाजवायचा मोठा ड्रम, मिळून हेच करतात.

कंपनीच्या बसमधला तासही वाया घालवू नका. ए. आर. रहमान यांच्या अनेक गाण्यांत कीथ पीटर्स यांचा बेस आहे. एक गाणं घ्या, गायक सोडून फक्त बेस ऐका आणि तो कुठे वाजत नाही ते टिपा.

पहिल्या चार फ्रेटवर हात ताणणं

नेहमीच्या बेसवर तारेची वाजणारी लांबी ३४ इंच असते. पहिल्या फ्रेटपासून चौथ्यापर्यंतचं अंतर जवळजवळ १३ सेंटिमीटर. पाचव्यापासून आठव्यापर्यंत तेच १० सेंटिमीटरवर येतं. म्हणजे 'एका फ्रेटला एक बोट' हा व्यायाम पहिल्या फ्रेटवर सुरू करणं नव्या हाताला उगाच शिक्षा आहे. पाचव्या किंवा सातव्या फ्रेटवर सुरू करा. खाली वाजवायचंच असेल तर डबल बेसवाल्यांची जुनी पद्धत वापरा. तर्जनी, मधलं बोट आणि करंगळी एवढ्यावर तीन फ्रेट सांभाळायचे, अनामिका करंगळीला आधार देते. पुढच्या फ्रेटसाठी ताणू नका, हातच सरकवा.

बोट फ्रेटच्या पट्टीला मागून लागून पडलं पाहिजे, दोन पट्ट्यांच्या मधोमध नाही. लिओ फेंडर यांनी १९५१ मध्ये आणलेल्या बेसचं नावच 'प्रिसिजन', कारण फ्रेटमुळे सूर नेमका लागतो. नेमक्या जागी बोट पडलं तर निम्म्या दाबात काम होतं. बोटांची टोकं दुखली तर चालेल, काही आठवड्यांत ती घट्ट होतात. मनगट किंवा कोपर दुखलं, बोटांना मुंग्या आल्या, तर त्या दिवशी वाद्य खाली ठेवा आणि खांद्यावरच्या पट्ट्याची उंची बघा. बसून वाजवताना आणि उभं राहून वाजवताना बेस एकाच उंचीवर हवा. दुखणं टिकलं तर डॉक्टरांना दाखवा.

खरखर: दोष हाताचा की वाद्याचा?

तानपुऱ्याला जवारी लागते. बेसला तशी खरखर नको असते, आणि ती आली की आपण आधी स्वतःला दोष देतो किंवा लगेच वाद्याला. आधी हलक्या हाताने वाजवून बघा. खरखर गेली तर हात जड आहे. अँपचा आवाज वाढवा, बोटाचा जोर कमी करा. एकाच फ्रेटवर येते तर पुढचा फ्रेट वर आलेला असू शकतो. फक्त पहिल्या चार-पाच फ्रेटवर येते तर नेक (बेसची लांब मान) बहुधा जास्त सरळ झाली आहे. सगळीकडे येते तर तारा फार खाली आहेत. आणि नुसत्या कानाला ऐकू येते पण अँपमधून येत नाही, तर सोडून द्या.

नेक तपासायला तार पहिल्या फ्रेटवर आणि नेक जिथे अंगाला जोडली आहे तिथल्या फ्रेटवर दाबून धरा. सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांच्यात व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीएवढी फट दिसायला हवी. फट नसेल किंवा दुप्पट असेल तर सेटअप, म्हणजे नेक आणि तारांची उंची जुळवणं, करून घ्या. पहिल्या वेळी जाणकाराकडूनच, आणि शेजारी बसून बघा. जूनमध्ये हवा दमट झाली की आणि मार्च-एप्रिलमध्ये कोरडी पडली की नेक थोडी हलते, म्हणून पुण्यात वर्षातून दोनदा हे तपासावं. पावसाळ्यात वाजवून झालं की तारा कोरड्या सुती फडक्याने पुसा, खालच्या बाजूनेही. एप्रिलच्या उन्हात बेस गाडीत ठेवू नका.

ट्यूनिंगमध्ये एकच अडचण वारंवार येते. मोबाइलच्या ट्यूनरला ई तार नीट ऐकू येत नाही, आकडा नाचत राहतो. बाराव्या फ्रेटच्या पट्टीवर बोट नुसतं टेकवून हार्मोनिक काढा, तो लगेच पकडतो. किंवा चिमट्याचा ट्यूनर घ्या. बेस 'ॲक्टिव्ह' असेल तर वाजवून झाल्यावर केबल काढून ठेवा, नाहीतर आतली ९ व्होल्टची बॅटरी उतरते.

घूंऽऽ असा आवाज येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. तेवढ्याने गेला तर सराव बॅटरीवर करा. जागेवरच वळल्यावर कमी-जास्त होत असेल तर पिकअप आसपासच्या विजेचा ५० हर्ट्झ पकडतोय, ट्यूबलाइट किंवा डिमरपासून लांब बसा. तीन पिनांच्या प्लगची अर्थिंगची पिन कधीही तोडू नका. तारांना हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर ताबडतोब बंद करा आणि इलेक्ट्रिशियन बोलवा.

टक्के पूर्ण करण्याची घाई

आपल्या गतीने शिकायची मुभा आहे, तरी पडद्यावरची '४२ टक्के पूर्ण' ही पट्टी आपल्याला ढकलत राहते. ती फक्त किती व्हिडिओ बघितले तेवढं सांगते. मी वहीत वेगळा हिशोब ठेवते. धडा, मेट्रोनोमचा वेग, आणि तो न चुकता सलग किती वेळा वाजला. रोज वीस मिनिटं. रविवारी दोन तास बसून आठवडाभर हात न लावण्यापेक्षा याने खूप फरक पडतो. अडलं की दुसरा कोर्स विकत घ्यायचा मोहही होतो. दोन कोर्समध्ये बोटांची पद्धत वेगळी असते आणि हात गोंधळतो, म्हणून एक संपवा.

दर शनिवारी तीच एक ओळ रेकॉर्ड करा, फाइलला तारखेचं नाव द्या आणि लगेच ऐकू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी, बेस हातात नसताना, हेडफोनवर ऐका. आणि दोन-तीन महिन्यांतून एकदा कुणा शिक्षकाचा एखादा तास घ्या. जाताना सर्वात वाईट रेकॉर्डिंग सोबत न्या आणि एवढंच विचारा: "यात मला काय ऐकू येत नाहीये?"