फुकटात वेबसाइट उभी करताय? या चुका टाळा

येवल्यात पैठणी विणणारे असोत, नाशिकच्या पंचवटीत दोन खोल्या भाड्यानं देणारं घर असो किंवा कॉलेज रोडवरचा फोटोग्राफर, चार-पाच पानांच्या साइटसाठी होस्टिंगचे (साइट नेटवर ठेवायच्या जागेचे) पैसे मोजायची गरज नाही. गिटहब पेजेस, क्लाउडफ्लेअर पेजेस, ब्लॉगर आणि गूगल साइट्स ही चारही साधनं फुकट आहेत आणि चारही ठिकाणी स्वतःचं डोमेन (साइटचा स्वतःच्या नावाचा पत्ता) जोडता येतं. (गिटहब पेजेसच्या नियमांत ऑनलाइन दुकान बसत नाही. ओळख, कामाचे नमुने आणि संपर्क एवढ्यासाठी ते उत्तम.) खर्च काय तो डोमेनचा, आणि सगळ्यात महागात पडणारी चूकही तिथेच होते.

डोमेन दुसऱ्याच्या खात्यात

साइट करून देणारा ओळखीचा असतो, तोच त्याच्या खात्यातून डोमेन घेतो. वर्षभरानं नूतनीकरणाची मेल त्याला जाते, तो नोकरी बदलून पुण्याला गेलेला असतो आणि इकडे साइट बंद. डोमेन स्वतःच्या ईमेलनं, स्वतःच्या खात्यात घ्या. काम करणाऱ्याला हवं तर डीएनएसपुरता, म्हणजे डोमेन कुठल्या साइटकडे वळवायचं त्या नोंदींपुरता, प्रवेश द्या. पहिल्या वर्षाची सवलत बघून भुलू नका, दुसऱ्या वर्षाचा दर आधी बघा.

डॉट कॉम घेतल्यावर ईमेल पडताळणीची एक मेल येते. ती स्पॅममध्ये पडून राहिली, तर १५ दिवसांनी डोमेन थांबवलं जातं. नवीकोरी साइट दोन आठवडे चालून अचानक गेली, तर होस्टिंगला शिव्या घालण्याआधी ही मेल शोधा.

डोमेन जोडलं, तरी साइट दिसत नाही

बहुतेक वेळा डोमेन विकणाऱ्यानं डीएनएसमध्ये आधीच टाकलेली पार्किंगची (तात्पुरत्या जाहिरात-पानाची) ‘ए’ नोंद, म्हणजे डोमेन कुठल्या आकडी पत्त्याकडे जातं ती ओळ, तशीच राहिलेली असते. मग साइट कधी उघडते, कधी जाहिरातीचं पान दिसतं. जुनी नोंद काढा. गिटहबसाठी ‘ए’ नोंदी चार लागतात: १८५.१९९.१०८.१५३, आणि तिसरा आकडा १०९, ११० व १११ करून उरलेल्या तीन. डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूसाठी वेगळी ‘सीनेम’ नोंद (एका नावावरून दुसऱ्या नावाकडे नेणारी) करून ती गिटहबनं दिलेल्या मूळ पत्त्याकडे वळवा. बदल सगळीकडे पोचायला २४ तासही लागू शकतात. गिटहबच्या सेटिंगमधला एचटीटीपीएसचा (सुरक्षित जोडणी सुरू करायचा) चौकोन तोवर फिकट दिसतो. दर दहा मिनिटांनी नोंदी बदलत बसलात तर गोंधळ वाढतो.

घरच्या संगणकावर दिसतं, नेटवर नाही

फाइलचं नाव मोठ्या अक्षरांत आणि पानात तेच लहान अक्षरांत, एवढंच कारण असतं. विंडोजला फरक पडत नाही, सर्व्हरला पडतो. कॅमेऱ्यातल्या फोटोंचं शेपूट कॅपिटल जेपीजी असतं, तिथे हे हमखास घडतं. सगळी नावं लहान इंग्रजी अक्षरांत ठेवा, मोकळ्या जागेऐवजी आडवी रेघ द्या. मुख्य पानाचं नाव ‘इंडेक्स’च हवं, तेही लहान अक्षरांत.

मराठी मजकुराचे हाल

श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या युनिकोडआधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेला जुना मजकूर तसाच चिकटवला, की पानावर इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. आधी युनिकोडमध्ये रूपांतर करा, आणि मग एकदा डोळ्यांनी वाचा. रफार आणि पहिली वेलांटी तिथेच घसरते. पानाच्या डोक्यावर यूटीएफ-८ची (ब्राउझरला युनिकोड वाचायला सांगणारी) ओळ हवीच.

शीर्षक ऐसपैस दिसावं म्हणून अक्षरांमधलं अंतर वाढवण्याची खोड इंग्रजी टेम्पलेटमधून येते. देवनागरीत त्यानं शिरोरेषा तुटते, ‘नाशिक’ची तीन शकलं होतात. ते अंतर शून्य ठेवा आणि ओळींमधलं अंतर अक्षराच्या आकाराच्या १.६ ते १.७ पट करा, म्हणजे वरच्या ओळीचे उकार खालच्या मात्रांना टेकत नाहीत. पानाची भाषा ‘एमआर’ (मराठीची खूण) अशी लिहायला विसरू नका. मराठी रूपं असलेल्या फॉन्टमध्ये, उदाहरणार्थ नोटो सॅन्स देवनागरीत, त्यामुळे आपल्या वळणाचे ल आणि श उमटतात. नाहीतर हिंदी वळणाचे येतात, आणि मराठी डोळ्याला ते लगेच खटकतं.

फोटोंचं ओझं

मोबाइलवरचा फोटो सहज ४–५ एमबीचा असतो. असे दहा फोटो एका पानावर टाकले, तर रामकुंडावर सिंहस्थाच्या गर्दीत, नेटवर्क रडत असताना खोली शोधणारा माणूस पान उघडायची वाट बघणार नाही. स्क्वूश हे फुकट साधन ब्राउझरमध्येच चालतं, फोटो बाहेर कुठे जात नाही. रुंदी १६०० पिक्सेल, प्रकार वेबपी, दर्जा ७५ ते ८०. बहुतेक फोटो काहीशे केबीत बसतात. दर्जा ४०वर आणला, तर पैठणीच्या पदरावरच्या मोराचं जरीकाम चिखलासारखं दिसतं. तिथे हात आखडू नका.

गूगलवर सापडत नाही

वर्डप्रेस असेल तर ‘सेटिंग्ज’मधल्या ‘रीडिंग’मध्ये जा. साइट तयार होत असताना सर्च इंजिनांना दूर ठेवायची खूण केलेली असते आणि ती काढायची राहून जाते. वर्डप्रेस डॉट कॉमच्या फुकट योजनेत स्वतःचं डोमेन जोडता येत नाही, हेही सुरुवातीलाच लक्षात घ्या.

फॉर्म भरला जातो, निरोप येत नाही

गिटहब पेजेसवर फॉर्म नुसता दिसतो, मेल पाठवायला मागे कुणी नसतं. गूगल फॉर्म जोडा, किंवा सरळ व्हॉट्सअ‍ॅपची लिंक द्या. त्या लिंकमध्ये ९१ आणि लगेच दहा आकडे लिहा. अधिक चिन्ह, मोकळी जागा किंवा सुरुवातीचं शून्य नको. आणि स्वतःच्या नव्हे, दुसऱ्याच्या फोनवरून दाबून बघा.