सहा थरांची गोधडी, पोटात फुगा न येऊ देता

खानदेशातला हिवाळा, अहिराणीतला हिवाया, दुपारी स्वेटर काढायला लावतो आणि पहाटे धुळ्याचा पारा कधी कधी पाच-सहा अंशांवर नेऊन ठेवतो. रात्री दहाला जाड ब्लँकेट टोचतं, पहाटे चारला चादर पुरत नाही. या हवेला जुन्या सुती लुगड्यांची गोधडीच चालते. तिच्या थरांमध्ये हवा अडकून ऊब राहते आणि कापड सुती असल्याने घाम जिरतो.

खाली एका माणसाच्या गोधडीचं माप दिलं आहे, सात फूट बाय साडेचार फूट. सुई-दोरा, कात्री, टेप घरात आहे आणि साधा धावदोरा येतो, असं धरून चालू.

कापड

साडेपाच मीटरच्या तीन सुती साड्या घ्या. प्रत्येकीचे 1.35 मीटरचे चार तुकडे करा. साडीचा पन्हा साधारण 45 इंच असतो. दोन तुकडे काठाला काठ लावून जोडले की सात-साडेसात फूट लांब आणि साडेचार फूट रुंद असा एक थर होतो. म्हणजे एका साडीत दोन थर, तीन साड्यांत सहा. आजीची नऊवारी लुगडी असतील तर हिशोब आणखी सोपा. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर, त्यात सहा तुकडे निघतात, म्हणून दोन लुगड्यांत गोधडी होते. सहाच्या वर थर नेऊ नका. आठ थरांतून सुई काढताना बोटं सोलतात, आणि अशी गोधडी ओली झाली की दोघांनाही पिळवत नाही.

साडी सुती आहे असं दुकानदार म्हणाला होता, एवढ्यावर विसंबू नका. कडेचे दोन धागे काढून जाळून बघा. कागद जळल्यासारखा वास आला आणि चिमटीत राख झाली तर सुती. वितळून टणक मणी झाला तर ते कापड बाजूला ठेवा. सुती कापड धुतल्यावर आकसतं, पॉलिस्टर तसंच राहतं, आणि दोन्ही एकत्र शिवलेली गोधडी पहिल्याच धुण्यात भाजलेल्या पापडासारखी आखडते. शिवाय आपल्याकडे हिवाळ्यात शेकोटी आणि भरिताच्या पार्ट्या असतात, लोक गोधडी पांघरूनच जाळाशी बसतात. ठिणगी पडली तर सुती कापडाला भोक पडतं, पॉलिस्टर वितळून कातडीला चिकटतं.

जरीचे काठ कापून टाका, ते टोचतात आणि सुई अडवतात. त्याने लांबी चार-सहा इंच कमी होईल, होऊ द्या. प्रत्येक तुकडा उजेडासमोर धरा. नेसून विरलेला भाग, बहुधा बसायच्या जागेचा, आतल्या थरांत घाला आणि धड भाग वर-खाली ठेवा. सगळं कापड गरम पाण्यातून काढून, खळ पूर्ण घालवून, वाळवून घ्या. रंग जातो का हे ओला पांढरा फडका घासून बघा. पाण्यात मीठ टाकून रंग पक्का होतो हे खरं नाही. जो रंग सुटायचा तो मिठातही सुटतो.

आणखी एक मोह आवरा. आपल्याकडे घरात कापूस असतोच, म्हणून मधे मूठ-मूठ पसरून द्यायचा सल्ला कुणीतरी देतंच. तो पिंजलेला नसतो, पहिल्या धुण्यात त्याचे गोळे होतात, आणि त्यात सरकी राहिली असेल तर उंदीर गोधडी कुरतडतात. कापूस रजईत भरावा, तोही पिंजाऱ्याकडून पिंजून.

थर लावणं

गोधडी बिघडते ती इथे. पुढचे दहा दिवस हात कितीही सफाईने चालला तरी या दोन तासांत राहिलेली चूक सुधारत नाही. बिघाड तीन प्रकारचा असतो: मधोमध फुगा येतो, पाठीवर चुण्या पडतात किंवा चौकोन तिरका होऊन एक कोपरा लांब जातो. तिघांचं कारण एकच, थर एकमेकांवरून सरकलेले असतात.

जागा सपाट हवी. शहाबादी फरशी उत्तम, झाडलेली गच्चीही चालेल. पलंग किंवा सतरंजी नको, खालचं मऊ असलं की थर त्यात दबतात आणि सपाट दिसूनही सपाट नसतात.

आधी प्रत्येक थराची मधली रेघ पाडा. कापड लांबीत दुमडून घडीवर नख ओढा, मग रुंदीत तसंच करा. सहाही थरांवर अशी अधिकची खूण झाली की थर लावताना कडांकडे बघायचंच नाही, खूण खुणेवर बसवायची. साडीच्या कडा कधीच सरळ कापल्या जात नाहीत. कडा जुळवत बसलात की तिरकेपणा तिथूनच सुरू होतो. सगळ्या थरांचे उभे धागे एकाच दिशेला ठेवा. एक थर आडवा पडला तर तो वेगळा ताणला जातो आणि वेगळा आकसतो.

सगळ्यात खालचा थर उलटा अंथरा. सगळे इथे एकच चूक करतात, तो ताणतात. चार कोपऱ्यांवर विटा ठेवून ढोलकीसारखा ताठ केलेला थर विटा काढल्यावर पुन्हा आत येतो आणि वरच्या पाचही थरांना चुण्या पाडतो. कापड फक्त सपाट करायचं. मधून बाहेर तळहात फिरवा, जुनं लाटणं फिरवलं तर आणखी बरं. वीट किंवा वरवंटा त्यानंतर ठेवा, कापड उडू नये एवढ्यापुरता.

वरचा आणि खालचा थर मधोमध मशीनवर जोडून घेतलेला असू द्या. आतल्या चार थरांना जोड शिवू नका. काठाला काठ भिडवून चार-पाच ढिले टाके घातले की पुरे. सगळे जोड एकाच रेषेत आले तर कमरेखाली दोरीसारखा वळ येतो. म्हणून आतला एक थर वीतभर वर सरकवा, एक वीतभर खाली, उरलेले दोन अर्धी-अर्धी वीत इकडे-तिकडे. वर जेवढी पट्टी बाहेर आली तेवढी कापा आणि खाली जिथे कमी पडलं तिथे लावा.

आता कच्चे टाके. इथे मन घट्ट करा, कारण बायका-पोरांसकट सगळ्या घराला वाटतं की हे वगळून सरळ शिवायला बसावं. कच्च्या टाक्यांशिवाय सहा थरांची गोधडी नवख्याच्या हातून सरळ होत नाही. ‘झोळ राहिला तरी शिवताना निघून जातो’ हा या कामातला सगळ्यात वाईट सल्ला आहे. झोळ निघून जात नाही, पुढे ढकलला जातो आणि शेवटच्या ओळीपाशी गोळा होतो.

वेगळ्या रंगाचा साधा दोरा घ्या, म्हणजे नंतर उसवताना दिसेल. सुरुवात मध्यावरून. आधी लांबीत आणि रुंदीत अधिक, मग कोपऱ्यांकडे तिरपे दोन, मग वीत-वीत अंतराने उभ्या ओळी. टाका तीन इंचाचा. प्रत्येक ओळ मध्यावरून बाहेर न्या, उलट कधीच नाही, म्हणजे साचलेलं कापड कडेने निसटून जातं. शेवटी गाठ मारू नका, चार बोटं दोरा मोकळा सोडा.

टाका घालताना कापडाखाली हात घालायचा नाही. हाताने उचललं की तेवढ्या जागी थर सरकले. सुई वरून तिरपी घाला, टोक फरशीला लागल्याचं कळतं, म्हणजे सहावा थर पकडला. मग डाव्या हातात पोह्याचा चमचा धरा, त्याची कड टोकाजवळ दाबा आणि सुई त्या कडेवरून वर चढवा. टोक चमच्याच्या खोलगट भागात आलं की सुई पलीकडून ओढून घ्या. पहिल्या दहा टाक्यांना हे अवघड वाटतं, नंतर हात आपोआप चालतो आणि बोटं शाबूत राहतात.

सगळं झाल्यावर दोघांनी धरून गोधडी पालथी करा. पाठ बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. चुणी बोटाने दाबून सपाट होत असेल तर चालेल. चिमटीत धरता येत असेल तर त्या चतुर्थांशाचे कच्चे टाके काढून पुन्हा घाला. अर्धा तास जाईल.

मांजर असेल तर हे काम तिच्या झोपेच्या वेळी उरका किंवा तिला खोलीबाहेर ठेवा. ताज्या अंथरलेल्या कापडाच्या बरोबर मधोमध ती येऊन बसते, उचलायला गेलं की नखं रुतवते आणि वरचे दोन थर तिच्याबरोबर उचलले जातात.

ओळी भरणं

दोरा जाड सुती घ्या. मशीनचा दोरा दुहेरी केला तरी वर्षभरात झिजून तुटतो. एका वेळी दोन हात लांबीचाच ओवा, त्याहून लांब दोऱ्याला गुंता होतोच. मेणबत्तीवरून एकदा ओढून घेतला की गाठी पडत नाहीत. सुया ओवून ठेवायचं काम घरातल्या चष्मा नसलेल्या पोरांना द्या. दहा-बारा सुया एकदम ओवलेल्या असल्या की हात थांबत नाही.

टाका तुरीच्या दाण्याएवढा, ओळींत अंतर दोन बोटं, म्हणजे सव्वा इंच. जास्त दाट भरलं तर थर दबून ऊब कमी होते, विरळ भरलं तर आतलं विरलेलं कापड गोळा होतं. या हिशोबाने सात फुटांच्या चाळीसेक ओळी येतात. नुसत्या ओळींचीच लांबी 85 मीटरच्या आसपास होते, म्हणून दोरा सव्वाशे मीटर आणा. एका ओळीला वीस मिनिटं धरली तर रोज दुपारी दीड तास बसून नऊ-दहा दिवसांचं काम आहे. दोरा ओढून ताठ करू नका. प्रत्येक ओळ संपली की तिच्यावरून हात फिरवून दोरा सैल बसवा.

जुन्या बायका कडेने सुरुवात करून चौकटी-चौकटीने आत येतात. ते सुंदर दिसतं. पण त्यांचा डावा तळहात दर दोन-चार टाक्यांनी साचलेलं कापड वाटून देत असतो, बघणाऱ्याला तो दिसत नाही. नवख्याने तसं केलं तर चारही बाजू बंद होतात, कापडाला जायला वाट उरत नाही आणि मधोमध फुगा येतो. पहिली गोधडी मधल्या रेषेपासून सुरू करा, एक ओळ डावीकडे, एक उजवीकडे, आणि कडा सगळ्यात शेवटी.

मशीनवर ओळी मारू नका. खालचे दाते खालचं कापड पुढे नेतात, वरचा पाय वरचं मागे धरतो, आणि सहा थरांत हा फरक ओळीच्या शेवटी दोन बोटांचा होतो. मशीन जोडाला आणि गोटाला, म्हणजे कडेच्या पट्टीला.

गोट आणि धुणं

कच्चे टाके काढा. शिवून झाल्यावर गोधडी दोन-तीन इंच आकसलेली असते. कडा आता कापून सरळ करा, आधी नाही. तीन इंच रुंदीचा गोट 24 फूट लागतो. दुसऱ्या एखाद्या जुन्या साडीचे दोन्ही बिनजरीचे काठ त्याला पुरून उरतात.

धुताना थंड पाणी वापरा. धोपाटणं नको, टाके तुटतात. ओली गोधडी एका दोरीवर टाकली तर सगळं वजन मधल्या टाक्यांवर येतं, म्हणून दोन-तीन दोऱ्यांवर पसरा किंवा खाटेवर घाला. दिवस मावळायच्या आत घरात घ्या, नंतर दव धरतं.

उरलेल्यातून कुत्र्या-मांजराला

दोन बाय अडीच फुटांची चार थरांची गोधडी अर्ध्या दिवसात होते. कुत्र्यासाठी तळाला तागाचं बारदान लावा, फरशीचा गारवा वर येत नाही आणि ती सरकत नाही. बारदान धान्याचं असू द्या. खताच्या किंवा औषध लावलेल्या बियाण्याच्या गोण्या कितीही धुतल्या तरी वापरू नका, जनावर तीच जागा चाटतं. बसण्याआधी कुत्रं खरवडतं, म्हणून इथे ओळी एका बोटाच्या अंतरावर, टाका आखूड, आणि कडा आत दुमडलेली. गोंडे, बटणं, मणी काही नको. पिसवा असतील तर आठवड्याला गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात घाला.

मांजर असलेल्या घरात दोऱ्याची टोकं जमिनीवर राहू देऊ नका. मांजराच्या जिभेवरचे काटे मागे वळलेले असतात. दोरा एकदा जिभेवर आला की बाहेर थुंकता येत नाही, गिळलाच जातो, कधी सुईसकट. तोंडातून किंवा मागून दोरा लोंबताना दिसला तर ओढू नका, आतडं कापलं जाऊ शकतं. तसंच उचलून जनावरांच्या डॉक्टरकडे न्या. शिवायला बसताना डब्यातल्या सुया मोजा, उठतानाही मोजा, आणि एक कमी भरली तर ती सापडेपर्यंत गोधडीची घडी घालू नका.