भाडेकरूंसाठी काम करणाऱ्या विधी विद्यार्थ्यांनो, या चुका टाळा

भाडेकरूंचं काम शिकायचं तर मुंबईत वाटा बऱ्याच आहेत. कॉलेजचं लीगल एड क्लिनिक आहे, जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, घरहक्कावर काम करणाऱ्या ‘युवा’सारख्या संस्था आहेत, आणि धोबी तलावच्या लघुवाद न्यायालयात रोज उभे राहणारे वकील आहेत. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांनुसार तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला किमान १२ आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला किमान २० आठवड्यांची इंटर्नशिप करावीच लागते. त्यातले काही आठवडे इथे द्या, असं मी प्रत्येक विद्यार्थ्याला सांगतो. फक्त येताना डोक्यात युक्तिवाद घेऊन येऊ नका. भाडेकरूचं प्रकरण पुष्कळदा कोर्टात पोचण्याआधीच कागदांवर आणि तारखांवर ठरून गेलेलं असतं, आणि विद्यार्थ्याचा खरा उपयोग तिथेच होतो. चुकाही तिथेच होतात.

नोटीस कोणाची, हे न बघता उत्तर लिहायला बसणं

समोरची मावशी घाबरलेली असते, हातात ‘खोली खाली करा’ असं सांगणारा कागद असतो, आणि आपण लगेच भाडे नियंत्रण कायद्याचं पुस्तक उघडतो. आधी लेटरहेड बघा. मालकाच्या वकिलाची नोटीस वेगळी, महापालिकेची धोकादायक इमारतीबद्दलची कलम ३५४ ची वेगळी, उपकरप्राप्त इमारत (दुरुस्तीसाठी उपकर भरणारी जुनी इमारत) असेल तर म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाची वेगळी, झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरणाची (एसआरए) आणखी वेगळी. प्रत्येकीचा कायदा निराळा आणि दाद मागायची जागाही निराळी. एसआरएच्या नोटिशीला भाडे नियंत्रण कायद्यातल्या कलम १६ चे दाखले देणारं उत्तर लिहिलं, तर त्या बाईचे मोलाचे दिवस वाया जातात.

३५४ च्या नोटिशीबाबत एक गोष्ट लोकांना आवर्जून सांगा. इमारत पाडली म्हणून भाडेकरूचा हक्क संपत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये शाह रतनसी खीमजी खटल्यात हे स्पष्ट केलं आहे. म्हणून अशा वेळी पहिलं काम म्हणजे खोलीचं मोजमाप आणि भाडेकरूंची यादी झाली आहे का, त्यात यांचं नाव आणि क्षेत्रफळ बरोबर आहे का, हे तपासून प्रत हातात घेणं. भिंती उभ्या असतानाच हे करायचं. नंतर मोजायला काही उरत नाही.

इंटरनेटवरचा कायदा सांगणं

‘डिपॉझिट दोन महिन्यांपेक्षा जास्त घेता येत नाही’ असं विद्यार्थी ठामपणे सांगतात. ते २०२१ च्या केंद्राच्या आदर्श भाडेकरू कायद्यात आहे. राज्याने स्वीकारल्याशिवाय तो लागू होत नाही, आणि महाराष्ट्रात चालतो तो १९९९ चा भाडे नियंत्रण कायदा, ३१ मार्च २००० पासून अमलात असलेला. दुसरा असाच समज म्हणजे अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही. महाराष्ट्रात लागतो. कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, मग तो भाड्याचा असो वा लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे ठरावीक मुदतीपुरत्या राहण्याच्या परवानगीचा. नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे, आणि ती पाळली नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरलं जातं. भाडेकरूच्या हातातलं हे केवढं मोठं साधन आहे! तरी ‘करार रजिस्टर आहे का?’ हा साधा प्रश्न पहिल्या भेटीत विचारायचा राहून जातो.

भाडेकरू आणि लायसन्सी एकाच मापाने मोजणं

इथे जरा थांबून नीट समजून घ्या, कारण याच चुकीने सगळ्यात जास्त नुकसान होतं.

जुन्या चाळीतले पागडीवाले काका (सुरुवातीला ठोक रक्कम देऊन नाममात्र भाड्यावर राहणारे) आणि लिव्ह अँड लायसन्सवर राहणारं तरुण जोडपं, दोघंही स्वतःला ‘भाडेकरू’ म्हणतात. कायद्यात त्यांची परिस्थिती जवळजवळ उलटी आहे.

काकांवर भाडं थकल्याचा आरोप असेल, तर मालकाला लेखी मागणीची नोटीस दिल्यापासून ९० दिवस थांबावं लागतं. त्यानंतर दावा झाला तरी समन्स बजावल्यापासून ९० दिवसांत सगळी थकबाकी, वर्षाला १५ टक्के सरळ व्याज आणि दाव्याचा खर्च कोर्टात भरला, आणि पुढचं भाडं दावा संपेपर्यंत नियमित भरत राहिलं, तर थकबाकीच्या कारणावरून ताबा जात नाही. कलम १५ ने दिलेली ही संधी आहे. पण काका म्हणतात, ‘मालकच भाडं घेत नाही, मी काय करू?’ आणि विद्यार्थी ते वाक्य जसंच्या तसं टिपून घेतो. त्यापुढे विचारायला हवं: कसं पाठवलं होतं? नाकारल्याचा पुरावा आहे? परत आलेली मनीऑर्डर, न घेतलेलं रजिस्टर पाकीट, काहीही? आणि समन्स नक्की कोणत्या तारखेला हातात आलं? दिवस मोजायचे ते समन्स बजावल्याच्या तारखेपासून. कागदावर छापलेल्या तारखेपासून मोजू नका.

जोडप्याचं घड्याळ वेगळं चालतं. लायसन्सची मुदत संपली की मालक कलम २४ खाली थेट सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे अशा प्रकरणांसाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे जातो. तिथलं समन्स बजावल्यापासून ३० दिवसांत, विरोध करायची परवानगी मागणारं आणि कारणं सांगणारं प्रतिज्ञापत्र दिलं नाही, तर मालकाचं म्हणणं मान्य असल्याचं धरून आदेश होतो. ‘पहिल्या तारखेला जाऊ, वेळ मागू’ ही दिवाणी कोर्टातली सवय इथे घातक ठरते. त्यात मुदत संपल्यावर राहिलेल्या काळासाठी लायसन्स फीच्या दुप्पट दराने भरपाई लागते. म्हणून ‘बसून राहा, केस वर्षानुवर्षं चालते’ हा सल्ला त्या जोडप्याला कर्जात ढकलू शकतो. करार लेखी असेल तर ‘खरं तर ही भाडेदारीच आहे’ हा पाठ्यपुस्तकी युक्तिवादही फारसा चालत नाही. लेखी करार हा त्यातल्या मजकुराचा निर्णायक पुरावा मानायचा, असं कलम २४ च्याच स्पष्टीकरणात म्हटलं आहे.

पाणी किंवा वीज तोडली असेल तर कलम २९ बघा. पण आधी काय बंद आहे आणि केव्हापासून, हे फोटो आणि तारखांसकट लिहून घ्या.

भाडेपावती आजोबांच्या नावावर असते तेव्हा

पागडीच्या खोल्यांत हे नेहमीचंच. विद्यार्थी वारसदाखल्याच्या मागे लागतात. निवासी जागेबाबत कायदा पहिला प्रश्न विचारतो तो असा: मूळ भाडेकरू वारला तेव्हा त्याच्यासोबत कुटुंबातलं कोण राहत होतं? असं कोणी नसेल तरच बाकीच्या वारसांकडे वळायचं. म्हणजे शोधायचं काय, तर त्या काळातलं रेशनकार्ड, मतदारयादी, शाळेचा दाखला, बँकेचं पासबुक. घरातल्या ट्रंका आणि पिशव्या उघडायला बसावं लागतं, मृत्युदाखल्याच्या तारखेशी एकेक कागद जुळवावा लागतो. कंटाळवाणं वाटेल, पण वकिलाला वेळ नसतो आणि कुटुंबाला काय शोधायचं ते माहीत नसतं. ते काम तुमच्यावाचून अडलेलं असतं. मूळ कागद मात्र घरी नेऊ नका. तिथेच फोटो काढा, यादी करा, यादीवर त्यांची सही घ्या आणि कागद त्यांच्या हातात परत द्या.

मालकाने स्वतःच्या गरजेसाठी जागा मागितली असेल, तर कोणाला जास्त त्रास होईल हेही न्यायालय बघतं. तेव्हा ‘पन्नास वर्षं राहतोय’ एवढ्यावर थांबू नका. दुसरी जागा शोधली का, कुठे, किती भाडं सांगितलं, घरात आजारी कोण, कमाई किती, हे पुराव्यासह हवं.

‘होईल काम’ म्हणणं

सनद नसताना कायदेशीर सल्ला आपल्या नावावर देऊ नका. वकिलाला दाखवून मग सांगा. फी परवडत नाही म्हणून कोणाला परत पाठवण्याआधी विधी सेवा प्राधिकरण कायद्याचं कलम १२ वाचा. स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना आणि अपंगांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळू शकतो. १५१०० हा क्रमांक लिहून द्या, आणि जमलं तर अर्ज भरायला स्वतः सोबत जा.

चार आठवड्यांनी फाइल तशीच सोडून जाणं

नियमांनुसार एका वर्षात सलग चार आठवड्यांपेक्षा जास्त इंटर्नशिप करता येत नाही, आणि बेदखलीचे दावे वर्षानुवर्षं चालतात. नवा विद्यार्थी आला की त्या मावशीला आपली सगळी कहाणी पुन्हा पहिल्यापासून सांगावी लागते. दर वेळी एखादी तारीख निसटते आणि तिचा भरवसाही थोडा कमी होतो. म्हणून शेवटच्या आठवड्यात नवी प्रकरणं घेऊ नका. प्रत्येक फाइलच्या वर एक पान लावा. त्यावर घटनाक्रम, पुढची तारीख, कोर्ट आणि दाव्याचा क्रमांक, कुठली मुदत कधी संपते, कोणते कागद मिळाले, कोणते अजून आणायचे, आणि नक्कल मागितली असेल तर अर्जाची तारीख लिहा. हे पान मराठीत लिहा आणि एक प्रत त्या कुटुंबालाही द्या. मग एकदा फोन करून सांगा की उद्यापासून मी नसेन, फाइल अमुक जणाकडे आहे, आणि तुमची पुढची तारीख ही आहे.